आपटा, कांचन आणि प्रोक्रस्टीज

दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाची पानं सर्रास खपवली जातात. लहान पान आपट्याचं, मोठं कांचनाचं, हा आपला घरगुती ठोकताळा. एमएस्सीच्या प्रकल्पात मला नेमका तोच बाजूला ठेवायचा होता. लहानमोठेपणा वजा केला, तर नुसत्या आकारावरून ही दोन झाडं वेगळी ओळखता येतात का?

त्यासाठी जिऑमेट्रिक मॉर्फोमेट्रिक्स. यात प्रत्येक पानावर ठरावीक बिंदू टिपायचे, त्यांना लँडमार्क म्हणतात. मग प्रोक्रस्टीज पद्धतीनं सगळी पानं सरकवून, फिरवून, एका मापाची करून एकमेकांवर बसवायची. उरतो तो फरक आकाराचा. (प्रोक्रस्टीज हा ग्रीक कथेतला दरोडेखोर. पाहुणा पलंगाच्या मापाचा व्हावा म्हणून त्याला ताणायचा, नाहीतर त्याचे पाय छाटायचा. हे नाव ज्याला सुचलं त्याला दाद द्यायला हवी.)

सुरुवातीलाच माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "पानं किती ते नंतर सांग, झाडं किती?" एकाच झाडाची शंभर पानं आणली तरी ती त्या एका झाडाचीच साक्ष. म्हणून आपटे उन्हाळ्यात, फुलावर असतानाच टेकड्यांवर हेरून ठेवले. कांचन दसरा-दिवाळीच्या सुमारास फुलतो, त्यामुळे त्याची ओळख सोपी. पानं मध्यशिरेवर मिटतात, म्हणून तोडल्याबरोबर रद्दीत दाबायची आणि सपाट स्कॅनरवर घ्यायची. मोबाइलच्या फोटोत कडा वाकतात.

खरा वेळ खाल्ला तो बिंदू ठरवण्यानं. देठ पात्याला मिळतो ती जागा आणि खाचेचा तळ यांवर वाद नाही. पण पाळी गोलसर असली तर तिचं टोक कुठलं? शिरांची टोकं घ्यावीत, तर शिरांची संख्या पानागणिक बदलते. शेवटी खात्रीचे बिंदू मोजकेच ठेवले आणि मधल्या कडेवर सेमीलँडमार्क टाकले. हे कडेवरून सरकू शकतात. टीपीएस-डिग या बिंदू टिपायच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच पानं काही दिवसांनी पुन्हा टिपली, म्हणजे माझ्या हाताची चूक किती आणि पानांतला फरक किती ते कळतं. कंटाळवाणं काम, पण याशिवाय पुढच्या आकड्यांना अर्थ नाही.

भूशास्त्रातला माझा मित्र तेव्हा मुठा नदीच्या वाळूच्या कणांचा आकार मोजत होता. "तुझ्या पानाला देठ तरी आहे रे," तो म्हणायचा. कणाला ना शेंडा ना बुडखा, त्यामुळे लँडमार्क नाहीतच. त्यानं १९८२ साली कुल आणि जिआर्दिना यांनी मांडलेली एलिप्टिक फुरिए पद्धत घेतली. तिच्यात कणाची अख्खी बाह्यरेषा लंबवर्तुळांच्या बेरजेत मांडतात. एरवी १९४१ च्या क्रंबाइनच्या नमुनाचित्रांच्या तक्त्याशी ताडून गोलाई नजरेनंच ठरवतात.

माझ्या आलेखात, जिथे प्रत्येक पान म्हणजे एक ठिपका, ठिपक्यांचे दोन ढग बऱ्यापैकी वेगळे पडले: आपटा रुंदट, कांचन लांबट. मात्र कांचनाची शेंड्याकडची कोवळी पानं आपट्याच्या बाजूला झुकली. म्हणजे माप वजा केलं तरी वाढीबरोबर बदलणारा आकार मागे उरतोच. मग बाजारातली पानं महालनोबिस अंतरानं, म्हणजे पान कोणत्या ढगाच्या किती जवळ ते सांगणाऱ्या मापानं, तपासली. १९३६ चं हे सूत्र माणसांच्या शरीरमापांच्या अभ्यासातून आलेलं. बरीच पानं सरळ कांचनात गेली. काही अधेमधे लटकली. ती कोणत्या झाडाची हे बघायला झाडच नव्हतं, म्हणून तक्त्यात त्यांच्यापुढे "अनिश्चित" लिहिलं आणि मॅडमनीही ते तसंच राहू दिलं.