नसलेला ब्रेक आणि तिचा हात

मी मूळची रोडवाली, म्हणजे रस्त्यावरच्या सायकल रेसची. कोल्हापूरकडची. पहाटे पन्हाळ्याचा चढ मारायचा आणि उतरताना दोन बोटं कायम ब्रेकवर, स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागली ती पण रोडच्याच मेडलवर. ट्रॅक थोडा केलेला, पण तो पुण्यात बालेवाडीला, उघड्यावरचा सिमेंटचा. दिल्लीचा इंदिरा गांधी स्टेडियममधला लाकडी व्हेलोड्रोम, म्हणजे सायकल रेसचा गोल ट्रॅक, हे वेगळंच प्रकरण, २५० मीटरचा लॅप आणि वळणावर ४० अंशांच्या वर बँकिंग, म्हणजे ट्रॅकचा तिरका चढ, खाली उभं राहून बघितलं की भिंतच वाटते. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, फ्रीव्हील नसतं, पाय थांबवायला गेलात तर पेडलच पाय उचलून फेकतं. वळणावर स्लो झालात की चाक घसरलंच. म्हणजे भीती वाटली की वेग वाढवायचा, हे डोक्याला पटतं पण माझी बोटं कित्येक दिवस हँडलवर नसलेला ब्रेक शोधत होती.

त्या दिवशी मॅडिसन होती, माझी पहिलीच. दोघींची टीम, एका वेळी एकच रेसमध्ये, दुसरी वरच्या बाजूने हळू फिरत दम घेते, मग खाली उतरते आणि पहिली मागून जोरात येऊन तिचा हात धरून तिला पुढे फेकते. दर १० लॅपला स्प्रिंट, ५, ३, २, १ असे पॉइंट, शेवटच्या स्प्रिंटला डबल, बाकीच्यांच्या पुढे पूर्ण एक लॅप काढला तर सरळ २०. आदल्या रात्री सरांनी मोबाईलवर टोकियोची रेस दाखवली होती, ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅडिसन तेव्हा पहिल्यांदाच झाली, २०२१ ला, आणि ब्रिटनच्या केटी आर्चिबाल्ड आणि लॉरा केनीने १२ पैकी १० स्प्रिंट मारले. मी मात्र फक्त त्यांचे हात बघत होते, एकदाही चुकत नाहीत.

माझी पार्टनर मणिपूरची, ट्रॅकवरच वाढलेली. स्टार्टला एवढंच म्हणाली, "दीदी, हाथ देखना, साइकिल मत देखना."

तिसऱ्या स्प्रिंटनंतर मी सायकल बघितली. पुढचीचं चाक जवळ आलं, बोटं ब्रेककडे गेली, पायांनी उलटा जोर दिला आणि मी वळणावरून थेट खाली.

एक पडली की दुसरीने लगेच रेसमध्ये शिरायचं, नियमच आहे. ती शिरली. मी आत खुर्चीवर, मेकॅनिक गुडघ्यात चाक धरून वाकडं हँडल सरळ करतोय, फिजिओ चिमट्याने मांडीतून ट्रॅकच्या लाकडाची ढलपी काढतायत, बोटाच्या पेराएवढी होती, स्किनसूट फाडून आत गेलेली. आणि दर लॅपला ती समोरून जायची, तोंड उघडं, ओठांवर पांढरा फेस. पाच लॅप, सहा, सात. अर्धा मिनिट दम घ्यायलाही वर जाता येत नव्हतं तिला, कारण हात द्यायला मी नव्हते. असं असहाय मला घाटात एकटी मागे पडले तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं.

फिजिओ थांब म्हणत होते, मी उठले.

वर गेले, एक लॅप घेतला, खाली उतरले, मागे हात धरला. वळण समोर येत होतं, तरी मी पुढे बघितलं नाही, फक्त तिचा हात. तिने पकडला आणि अशी फेकली की खांद्यापासून मनगटापर्यंत सगळं ताणलं गेलं, आणि माझी बोटं पहिल्यांदाच हँडलवर गप्प बसली. शेवटपर्यंत आमचा एकही हात चुकला नाही. नंबर खालून दुसरा आला.

रात्री मेसमध्ये तिला चमचा धरवेना, हाताची थरथर थांबत नव्हती. मी तिच्या ताटातली डाळ भातात कालवून दिली आणि ती डाव्या हाताने जेवली.