तुम्ही विचारलेत म्हणून: वडिलांची आरी मी का उचलली नाही

एवढ्या नावाजलेल्या कारागिराचा मुलगा असून तुम्ही चपला करणे का सोडलेत, हा प्रश्न मला वडिलांच्या तेराव्यापासून विचारला जातो आहे. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या, त्यांवर कोल्हापूरचे नाव नाही म्हणून इकडे गदारोळ उठला, आणि तेव्हापासून तर हा प्रश्न अनोळखी माणसांच्या फोनवरूनही येऊ लागला. विचारणारे बहुतेक जण मनापासून हळहळत असतात, पण त्या हळहळीत न बोललेला आरोपही असतो. समोरचा माणूस पाहून मी आजवर निरनिराळी उत्तरे दिली. ती सारी एकत्र ठेवली तर एकमेकांशी भांडतील.

वडिलांचे, म्हणजे आबांचे, कौतुक मी नव्याने करायला नको. कागल तालुक्यातल्या आमच्या गावात आणि कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या बाजारातही, ज्यांनी त्यांचा जोड पायात घातला, त्यांना ते ठाऊक आहे. म्हशीच्या जाड कातड्यावर रापी, म्हणजे कातडे कापायचे हत्यार, फिरवताना त्यांचा हात थबकत नसे, आणि दोन तळांच्या मध्ये चपलेचे कान, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, बसवून ते आरीने भोके पाडत कातड्याच्याच वादीने शिवताना टाके असे सारखे पडत की उलट बाजू कोणती हे शोधावे लागे. खिळा त्यांनी कधी मारला नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे पुरते मुरले आहे की नाही हे ते नाकाने ओळखत, आणि कच्चे निघाले तर घरात पैशाची कितीही ओढ असली तरी परत पाठवत. त्या परत पाठवण्यावरून आईची आणि त्यांची होणारी भांडणे गावाला ठाऊक नाहीत.

मी नववीत असताना गावातल्या एका मोठ्या घरी लग्न निघाले आणि घरातल्या सगळ्यांचे जोड आबांकडे आले. मापे घ्यायला ते मला बरोबर घेऊन गेले. आम्ही अंगणात, पायरीच्या खाली बसलो, कारण आबा नेहमी तिथेच बसत. बसा किंवा बसू नका असे कोणी म्हणाले नाही. एकेक जण येऊन कागदावर पाऊल ठेवी, आबा पेन्सिलीने त्याच्या कडेने रेघ ओढत आणि पायावरून दोरा फिरवून उंची घेत. मग त्या घरातला माझ्याच वयाचा मुलगा आला, जो वर्गात माझ्याच बाकावर बसत असे. फरशीवर कागद सरकत होता, म्हणून आबा मला म्हणाले, "टाच धर." मी धरली. तो वर छताकडे पाहत राहिला आणि मी त्याच्या घोट्याकडे, जिथे आदल्या दिवशी माझ्याबरोबर खेळताना खरचटल्याची खपली होती. झोपाळ्यावरचे आजोबा कौतुकाने म्हणाले, "पोरगं तयार व्हायला लागलं की रे तुझं." आबांनी मान न उचलता "होय जी" म्हटले.

अपमान म्हणावा असे यात काहीच घडले नाही, आणि म्हणूनच ते कोणाला सांगणे इतके अवघड जाते. शिवी दिली असती तर मला एक ठसठशीत कारण मिळाले असते. घरी परतताना आबा एवढेच म्हणाले की टाच नीट धरलीस, टाच हलली की जोड बिघडतो. पुढे अनेक वर्षे माझा सगळा राग त्या आजोबांवर नव्हे, तर या वाक्यावर होता. त्यांना काहीच कसे लागले नाही? की लागले होते आणि ते लपवायला त्यांनी कामाची आड घेतली? मी त्यांना कधी विचारले नाही. विचारले असते तरी ते टाचेबद्दलच बोलले असते, असे आज वाटते.

तिशीत मी व्यासपीठांवरून ठणकावून सांगत असे की जातीने माझ्या हातातली आरी काढून घेतली. टाळ्या पडत. त्या तरुणाला खोटे ठरवण्याची माझी इच्छा नाही, पण दर महिन्याच्या पगाराचाही मोह होता, हे तो सांगत नसे. पावसाळ्यात काम बंद पडे, कातड्यासाठी घेतलेली उचल फेडण्यात दिवाळी निघून जाई, आणि हे मी लहानपणापासून पाहिले होते. शिवाय मार्च 2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, कातडे महागले, आणि आता बरेचसे चेन्नईहून येते. मी धंद्यात राहिलो असतो तरी तो आबांचा धंदा उरला नसता, असे मी लोकांना पटवून देतो. हा मुद्दा खरा आहे. मात्र 2015 साली घडलेल्या गोष्टीचे कारण त्याच्या कितीतरी आधी घेतलेल्या निर्णयाला कसे लागू होते, हे सुदैवाने अजून कोणी विचारलेले नाही.

आबा 2017 च्या हिवाळ्यात गेले. कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्या मालालाच लावता येईल अशी सरकारी नोंद, मिळाले ते त्यानंतर, 2019 मध्ये. अंत्ययात्रेला सारा गाव लोटला होता आणि चौकात फ्लेक्स लागला होता, ज्यावर त्यांच्या नावापुढे 'राव' होते. जन्मभर ज्यांना गावातली पोरेसोरेही अरेतुरे करत, त्यांना हा आदर मिळायला श्वास थांबावा लागला. मी संतापलो होतो हे खरे, आणि त्या फ्लेक्सचा फोटो मी काढून ठेवला आहे, तो अजून जपून आहे, हेही तितकेच खरे.

आणि एक राहिले. आमच्या घरच्या चपलांवरची शेळीच्या कातड्याची बारीक वेणी आबांनी क्वचितच विणली, ती आईची. तिची बोटे अजून चालतात. तुमचे काम पुढे कोण चालवणार, असे तिला किंवा माझ्या बहिणींना आजवर कोणीही विचारलेले नाही, आणि त्या 'कोणी'मध्ये मीही येतो. परवा आलेल्या एका वार्ताहराला मी तिच्याकडे पाठवले. त्याने वेणी विणताना तिचा फोटो घेतला, चांगला आला म्हणून तिलाही दाखवला, आणि मग वही उघडून माझ्याकडे वळून म्हणाला, "तर तुम्ही हे का सोडलंत?"