मक्याचा मॅश गाळताना : खेप १ ते ४ च्या नोंदी

न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमधील आमच्या गराजमध्ये मार्च ते जुलै या काळात मक्याच्या मॅशच्या, म्हणजे मद्यासाठी पाण्यात शिजवलेल्या धान्याच्या मिश्रणाच्या, चार खेपा झाल्या. ऊर्ध्वपातनाविषयी, म्हणजे आंबवलेला द्रव उकळून त्याच्या वाफेतून मद्य मिळवण्याविषयी, या वेळी फारसे लिहावयाचे नाही. चारही खेपांत माझा सर्वाधिक वेळ, सर्वाधिक श्रम आणि दोन चांगले पंचे गाळण्यात खर्ची पडले, म्हणून या नोंदी गाळण्याच्याच आहेत. न्यूझीलंडमध्ये स्वतःच्या वापरापुरते मद्य घरी ऊर्ध्वपातनाने बनवण्यास १९९६ पासून मुभा आहे, विकण्यास नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याविना हे करणे गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे केवळ वाचनापुरतेच ठेवावे.

पद्धतींची तुलना करता यावी म्हणून धान्याचे प्रमाण बदलले नाही : साडेचार किलो मका, एक किलो राय (गव्हासारखे एक धान्य), दोन किलो बार्लीचे माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि २२ लिटर पाणी. दळलेला मका ९० अंशांवर तासभर शिजवते, तो निवत असताना राय घालते, ६५ अंशांवर आला की माल्ट घालून दीड तास झाकून ठेवते आणि शेवटी बशीत आयोडीनचा थेंब टाकून पाहते. थेंब निळा-काळा पडला नाही, म्हणजे पिष्टाची साखर झाली. हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रवाच्या घनतेवरून त्यातील साखरेचा अंदाज देणाऱ्या उपकरणावर, चारही वेळा १.०६८ च्या आसपास आकडा आला.

पहिल्या खेपेत मी आंबवण्यापूर्वी, मॅश गरम असतानाच गाळले. स्कॉटलंडमधील माल्ट व्हिस्कीचे कारखाने असेच करतात, हे वाचून मला धीर आला होता. ते कारखाने निव्वळ बार्ली वापरतात आणि बार्लीचे टरफल तळाच्या छिद्रांच्या ताटावर बसून स्वतःच गाळणी बनते, ही गोष्ट मी पुरेशी ध्यानात घेतली नव्हती. तेथील दळणही बेतलेले असते : साधारण २० टक्के टरफल, ७० टक्के रवा आणि १० टक्केच पीठ. मक्याला असे टरफल नसते, आणि रायला ते नसतेच, शिवाय तिच्यातील डिंकासारख्या घटकांमुळे सगळे मिश्रण चिकट होते. पाचव्या मिनिटाला पंच्याची छिद्रे पिठाने बुजली. त्यानंतर हातमोजे घालून, आतून उलथण्याने खरवडत, वाफ तोंडावर घेत अडीच तास काढल्यावर १३ लिटर द्रव हाती लागला. उरलेला चोथा जिभेवर ठेवून पाहिला, तर तो उसाच्या चिपाडासारखा नव्हे, चक्क रसासारखा गोड होता. म्हणजे माझी साखर पंच्यातच राहिली होती.

यावर भाताची तूस मिसळण्याचा उपाय सुचवला जातो आणि तो चालतोही, कारण तूस टरफलाचे काम करते. मात्र कोकणात जी तूस विटांच्या भट्टीत जाळतात, तिची पिशवी येथे मोजून पैसे देऊन आणावी, हे मनाला पटेना. तो उपाय मी पुढे ढकलला आहे.

दुसऱ्या खेपेत धान्यासकटच आंबवले. अमेरिकेतील बर्बनचे, म्हणजे मक्याच्या व्हिस्कीचे, बहुतेक कारखाने मधे गाळतच नाहीत. धान्यासह आंबवलेले मिश्रण तसेच ऊर्ध्वपातनाच्या उंच स्तंभात चढवतात, कारण तेथे थेट वाफेने तापवले जाते आणि बुडाला लागण्याचा प्रश्न येत नाही. माझ्या ३० लिटरच्या पातेल्याच्या बुडाखाली विजेची कॉइल आहे, त्यामुळे मला मधे कुठेतरी गाळणे भागच आहे. सहा दिवसांनी वर आलेला धान्याचा थर खाली बसला, हायड्रोमीटर १.००२ वर आला, आणि गाळताना फरक तत्काळ जाणवला. साखरेचा पाक दाट असतो. तीच साखर यीस्टने खाऊन टाकली की उरतो तो पाण्यासारखा पातळ द्रव, आणि तो धान्य सहज सोडतो. नायलॉनच्या जाळीदार पिशवीतून, पहिल्या खेपेच्या निम्म्याहून कमी वेळात, २० लिटर निघाले. त्या आनंदात मी पिशवी दोन्ही हातांनी पिळपिळ पिळली, आणि तेथेच चुकले. पिळण्याने जे शेवटचे तीन-चार लिटर आले, त्यांच्याबरोबर बारीक पिठाचा राखाडी गाळही आला, आणि मी तो सगळा एकत्र पातेल्यात ओतला. अर्ध्या तासात दूध लागल्यासारखा वास सुटला. कॉइलच्या वरच्या जागी नाण्याएवढ्या जाडीचा काळा पापुद्रा धरला होता. करपल्याची ती चव वाफेबरोबर वर चढते, दुसऱ्यांदा ऊर्ध्वपातन करूनही जात नाही. ती संपूर्ण खेप आता काचा पुसण्यासाठी ठेवली आहे.

तिसरी खेप आंबत असताना सांगलीला आईशी फोनवर बोलणे झाले. मक्याचे काहीतरी गाळते आहे आणि पंच्यातून पीठ उतरते आहे, एवढेच मी तिला सांगितले. कशासाठी, ते सांगितले नाही. ती म्हणाली, “अगं, कुरडयांचा चीक रात्रभर ठेवल्याशिवाय निवळतो का? तुला आधीपासूनच घाई.” बोलणे अगदी नेमके होते. कुरडयांसाठी वरची निवळ फेकून खालचा चीक ठेवायचा. येथे चीक टाकायचा आणि निवळ ठेवायची, एवढाच फरक. त्या खेपेला मी आंबवण संपल्यावर बादली झाकणासकट गराजच्या थंड फरशीवर उतरवली आणि दोन रात्री हलवली नाही. जूनमध्ये आमच्याकडे रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो, त्याचा यीस्ट खाली बसण्यास चांगला उपयोग झाला. तिसऱ्या दिवशी नळीने, टोक गाळापासून चार बोटे वर धरून, वरचा १२ लिटर द्रव काढला. तो ताकावरच्या निवळीसारखा पिवळसर आणि जवळजवळ पारदर्शक होता. उरलेले पिशवीत घालून, श्रीखंडासाठी चक्का टांगतात तशी ती पिशवी तुळईला टांगली. न पिळता, रात्रभरात साडेचार लिटर ठिबकले. त्यानंतरच पिळले, आणि पिळून आलेला द्रव वेगळ्या बाटल्यांत भरून थंडीत ठेवला. तीन दिवसांत त्याखाली दोन बोटे पांढरा थर बसला आणि वरचा दीड लिटर वापरण्याजोगा मिळाला.

एकूण १८ लिटर, म्हणजे दुसऱ्या खेपेपेक्षा दोन लिटर कमी. पण पातेल्याचे बूड शेवटी तारेच्या घासणीविना स्वच्छ झाले. मला हा व्यवहार मान्य आहे. हवेशी संबंध वाढला की आंबटपणा येण्याची धास्ती असते, म्हणून दोन रात्रींपुढे ताणू नये असे मी ठरवले आहे.

चौथ्या खेपेत फक्त दळण बदलले. आधी मका मी रव्यापेक्षा बारीक दळत होते, या वेळी लापशीच्या भरडीएवढा जाड ठेवला आणि तो शिजण्यास अर्धा तास अधिक दिला. पिठी कमी झाल्यामुळे तळाचा गाळ घट्ट बसला, नळीने १४ लिटर आले आणि एकूण साडेएकोणीस. आयोडीनच्या पहिल्या थेंबाला मात्र काळसर छटा दिसली. आणखी पाऊण तास झाकून ठेवल्यावर ती गेली. याहून जाड भरडण्यात अर्थ दिसत नाही. ऊर्ध्वपातन निर्वेध पार पडले. आपल्या बोलीत ‘पहिल्या धारेची’ म्हणजे अस्सल, पण ती पहिली धार मी नेहमीप्रमाणे बाजूला काढून टाकली.

पुढील खेपेत रायचे प्रमाण दुप्पट करावयाचे आहे. तिच्या चिकटपणावर उतारा म्हणून राय आणि थोडे माल्ट आधी ४५ अंशांवर २० मिनिटे वेगळे भिजवणार आहे, कारण तो डिंक तोडणारी विकरे (एन्झाइम) त्या तापमानाला काम करतात आणि ६५ अंशांवर निकामी होतात. त्यानेही पिशवी तुंबली, तर निमूटपणे तुसाची पिशवी आणीन. चौथ्या खेपेचे पिळलेले दोन लिटर अजून फ्रिजमध्ये आहेत. आज पाचवा दिवस, आणि वरचा थर अजून धुरकटच दिसतो आहे.