चार्लीची पत्रं

काल रात्री 'द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर' परत वाचायला घेतलं आणि संपवूनच झोपले, सकाळपासून चार्ली डोक्यातून जातच नाहीये. स्टीफन चबॉस्कीचं हे पुस्तक १९९९ सालचं, गोष्ट घडते १९९१-९२ मध्ये पिट्सबर्गजवळ. पंधरा वर्षांचा चार्ली, नुकताच हायस्कूलला गेलेला, जवळच्या मित्राने आत्महत्या केलेली, आणि हा पोरगा एका अनोळखी माणसाला पत्रं लिहीत सुटतो, तेही खरं नाव न सांगता. सगळी कादंबरी म्हणजे ही पत्रंच, उत्तर एकही नाही.

मला सगळ्यात जास्त लागते ती हेलन मावशीची गोष्ट. त्याच्या वाढदिवसाला त्याच्यासाठी गिफ्ट आणायला गेली आणि अपघातात गेली, आणि त्या लहान जीवाने ठरवून टाकलं की हे माझ्यामुळेच झालं. कुणी त्याला असं म्हटलेलं नाही हो, तरी तो ते ओझं घेऊन फिरतोय! मावशीबद्दलचं उरलेलं सत्य शेवटी कळतं, ते इथे सांगत नाही, पण ते कळल्यावर मागची पत्रं वेगळीच दिसायला लागतात.

सॅम आणि पॅट्रिक हे शाळेतले मित्र भेटतात तेव्हा कुठे त्याला श्वास घेता येतो. पिकअप बोगद्यातून सुसाट चाललीये, सॅम मागे उभी, गाणं चालू आणि बोगदा संपताच समोर अख्खं शहर. शेवटी तिथेच चार्ली स्वतः उभा राहतो, तिथे मी दरवेळी रडते, काल पण रडले.