जुनी न्हाणी, नवा ढाळ: काम फरशीपर्यंत आलं

फरशी बसली. भिंतींच्या टाइल्स, दरजा (टाइल्समधल्या फटी) भरणं आणि नळ-फिटिंग अजून बाकी आहे. पण आज लिहायचं आहे ते पायाखालच्या कामाबद्दल, कारण न्हाणीचं बरंवाईट तिथेच ठरतं. टाइलचा रंग वर्षभरात डोळ्यांना सवयीचा होतो. ढाळ, म्हणजे फरशीचा उतार, चुकला तर रोज त्रास देतो.

आमची न्हाणी लांबट आहे. एका टोकाला दार, मध्ये कमोड, दुसऱ्या टोकाला खिडकी. मूळ बांधकामात नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी ड्रेनेजला नेणारं जाळीचं तोंड, दाराजवळ होता. म्हणजे खिडकीखाली अंघोळ केली की पाणी कमोडपुढून वाहत दारापर्यंत यायचं आणि सगळी फरशी दिवसभर ओली राहायची. आईच्या गुडघ्यांना आता ओल्या फरशीवरून चालणं झेपत नाही, आणि धाकटी चालत कधीच नाही, पळतेच. त्यामुळे या कामाचं सूत्र एकच ठेवलं: दारापासून कमोडपर्यंतची वाट कायम कोरडी हवी. बाकीचे सगळे निर्णय त्यातून आले.

ट्रॅप खिडकीखाली नेला. घर तळमजल्याचं असल्यामुळे फरशी खणून हे जमलं. वरच्या मजल्यावर स्लॅबमुळे इतकं मोकळं हलवता येत नाही. नवा ट्रॅप घेताना ५० मिमी पाण्याचं सील (वास अडवणारं, आत साचून राहणारं पाणी) असलेलाच घेतला. उथळ ट्रॅपमधलं पाणी चार दिवस घर बंद राहिलं की आटतं आणि मग ड्रेनेजचा वास थेट खोलीत येतो.

जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) पाइप काढले तेव्हा एक तुकडा कापून उजेडात धरला. बाहेरून धडधाकट, आतून तांबूस-काळ्या गंजाचे पापुद्रे, आणि मधोमध करंगळी जेमतेम जाईल एवढं भोक. वरच्या टाकीला दोष देत आम्ही इतकी वर्षं काढली, पण पाणी अडत होतं ते इथे. आता गरम-गार दोन्हीसाठी सीपीव्हीसी हा गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप टाकला आहे. हा पाइप उष्णतेने चांगलाच वाढतो: ३ मीटर लांबीला ४० अंशांचा फरक पडला तर साधारण ८ मिमी. म्हणून तो खाचेत सिमेंटने घट्ट आवळला नाही. वळणापाशी फोमची गुंडाळी ठेवून त्याला हलायला जागा दिली. खाचा बुजवण्याआधी हातपंपाने दाब देऊन सगळे जोड तपासले. ही पायरी कितीही घाई असली तरी गाळू नका.

भिंतींबद्दल एक सांगायलाच हवं. जुन्या घरात विटेची भिंतच छताचा भार घेते. तिच्यात आडवी खाच भिंतीच्या जाडीच्या एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी, उभी एक तृतीयांशापर्यंत चालते. आमची भिंत २३० मिमी, म्हणजे आडवी फार तर ३८ मिमी. त्यामुळे मुख्य पाइप छताखालून उघडा आणला आणि प्रत्येक नळासाठी सरळ खाली उतरवला. छताखाली पाइप दिसतो, पण भिंत शाबूत आहे.

आता ढाळ. कोरड्या भागात १०० ला १, ओल्या भागात ८० ला १ असा धरला. दारापासून १.४ मीटरला १४ मिमी आणि तिथून ट्रॅपपर्यंतच्या १.२ मीटरला १५ मिमी; ट्रॅपची जाळी दारापेक्षा २९ मिमी खाली. दोऱ्या ताणून, मसाल्याचे ठोकळे ठेवून आधी या उंच्या पक्क्या केल्या, मगच कोबा ओढला. याहून जास्त ढाळ दिला तर पाणी पळतं खरं, पण उभं राहताना पाऊल पुढे ओढल्यासारखं होतं, वयस्कर माणसाला तर फारच. दारात उंबरा ठेवला नाही. पाणी मुळात उलट्या दिशेला जातंय, मग अडखळायला निमित्त कशाला?

वॉटरप्रूफिंगला सर्वांत जास्त वेळ दिला आणि तो सार्थकी लागला. लोणा (ओलीमुळे फुटून येणारा क्षार) लागलेला गिलावा विटेपर्यंत खरवडून काढला आणि नवा केला. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तो कोपरा मसाल्याने गोलसर केला, कारण काटकोनात थर आधी तिथेच चिरतो. त्यावर फायबरची जाळीपट्टी, मग पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, पहिला उभा आणि दुसरा आडवा. भिंतीवर सगळीकडे ३०० मिमी, शॉवरच्या कोपऱ्यात १८०० मिमीपर्यंत. थर पूर्ण वाळल्यावर दारात तात्पुरती विटांची पाळ बांधली, ट्रॅपला बूच मारलं, पाणी भरलं आणि पातळीची पेन्सिलने खूण केली. ४८ तासांनी पाणी खुणेच्या केसभर खाली होतं, तेवढं उडून जातंच. पलीकडच्या खोलीची भिंत हात लावून पाहिली, खडखडीत कोरडी.

फरशीला १०० मिमीच्या मॅट टाइल्स घेतल्या. मोठी टाइल ढाळावर बसवायची तर ती तिरकी कापावी लागते. लहान टाइल ढाळाबरोबर आपोआप वळते, आणि जास्त दरजांमुळे पायाला पकडही मिळते. अॅडहेसिव्ह दातेरी थापीने पसरून बसवल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टाइलवर लाकडी मुठीने ठोकून पाहिलं. पोकळ आवाज आला तिथे टाइल उचलून पुन्हा बसवली.

आधाराच्या दांड्यांची उंची पुस्तकातून घेतली नाही. ४५० मिमी उंचीच्या स्टुलावर आईला बसवलं, उठायला सांगितलं आणि तिचा हात आपसूक जिथे भिंतीला टेकला तिथे खडूची खूण केली. ती खूण मी कागदावर ठरवलेल्या जागेपेक्षा बरीच पुढे होती. तिथल्या विटा चुन्यातल्या, भुसभुशीत, त्यामुळे साधे अँकर भरवशाचे नाहीत. तेवढ्या विटा काढून काँक्रीट भरलं आहे आणि मापासकट फोटो काढून ठेवले आहेत, म्हणजे टाइलखाली ती जागा हरवणार नाही.

दार आता बाहेर उघडतं; आत कुणी पडलं तर ढकलून उघडायचा प्रश्न येणार नाही. कडीही बाहेरून सोडवता येईल अशी घेतली. वायरिंग लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनने केलं, गीझरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे. शॉवरला थर्मोस्टॅटिक मिक्सर (पाणी ठरवलेल्या तापमानावरच ठेवणारा नळ) येणार आहे, कारण ६० अंशांचं पाणी लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजतं.

पुढचा टप्पा भिंतींच्या टाइल्स. फरशी ढाळाची असल्यामुळे खालून सुरुवात करता येत नाही. दुसऱ्या ओळीच्या उंचीवर लेव्हलमध्ये लाकडी पट्टी ठोकायची, तिथून वर चढत जायचं, आणि अगदी खालची ओळ शेवटी, एकेक टाइल ढाळाप्रमाणे कापून. तिचा फरशीशी होणारा जोड ग्राउटने (दरजांत भरायच्या मसाल्याने) न भरता सिलिकॉनने भरणार आहे. भिंत आणि फरशी वेगवेगळ्या हलतात, तिथे कडक ग्राउट टिकत नाही.