घसारा

घसारा हा शब्द आमच्या ऑफिसात दिवसातून पन्नास वेळा तरी निघतो. साताऱ्यात एका कर सल्लागाराकडे मी गेली बावीस वर्षं हिशेब लिहितो. कॉम्प्युटरवर ४० टक्के, यंत्रांवर १५, खुर्च्या-टेबलांवर १०. आयकराचे हे दर मला पाढ्यांसारखे पाठ आहेत. वस्तू वापरली की झिजते, झिजली की किंमत उतरते, उतरली तेवढी खर्ची टाकायची. यात एकच अपवाद, आणि नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्या आठवड्यात हमखास तिथेच चुकतं. जमिनीवर घसारा लागत नाही. इमारतीवर लागतो, तिच्या खालच्या जागेवर नाही. जमीन झिजत नाही, असं धरून चालायचं.

रविवारी पहाटे मी ज्या घसाऱ्यावर असतो तो दुसरा. डोंगराच्या उतारावर सुटा मुरूम, बारीक खडी, पाय टाकला की पायासकट खाली सरकणारी, तो घसारा. एक घासण्यातून आला असावा आणि दुसरा घसरण्यातून, असं मी आपलं मनाशी ठरवून टाकलंय. भाषेच्या जाणकारांनी रागावू नये.

मी धावायला लागलो चाळिशीत. कारण उदात्त वगैरे काही नाही, रक्तातली साखर. सपाट रस्ता शोधावा तर आमच्या गावात सपाट म्हणजे काय हाच प्रश्न आहे. घरातून बाहेर पडलं की एक तर अजिंक्यतारा तरी चढायचा, नाही तर समर्थ मंदिरावरून बोगद्यापाशी जायचं आणि बोगद्यात न शिरता उजवीकडे यवतेश्वरच्या घाटाला लागायचं. साताऱ्याची हिल मॅरेथॉन २०१२ पासून याच घाटात होते. अंतर २१ किलोमीटर. निम्मं वर, निम्मं खाली. एकाच डोंगरावर सर्वांत जास्त माणसं धावल्याचा गिनेस विक्रम २०१५ मध्ये याच शर्यतीत झाला, २,६१८ जण. त्यात मी नव्हतो. शर्यत येते पाऊस सरता सरता, आणि आमची टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबर. त्या महिन्यात आम्ही धावतो ते टेबलाटेबलांमधून. नंतर दोनदा पळालो. वर जाताना ढोल-ताशे ऐकू आले की छाती भरून येते. ती दम लागल्याने भरलेली असते हे पुढच्या वळणावर कळतं.

हिशेबाची खोड काही सुटत नाही. बूट घेतले ६,४०० रुपयांचे. साडेसहाशे किलोमीटरला तळ गुळगुळीत होतो, उजव्या बुटाची बाहेरची टाच तर त्याआधीच. म्हणजे किलोमीटरला साधारण दहा रुपये. रिक्षापेक्षा स्वस्त, एसटीपेक्षा महाग. गुडघ्याचा दर मात्र कुठल्याच तक्त्यात सापडला नाही. त्याला मी घटत्या शिलकेची पद्धत लावलीय. दरसाल उरलेल्यातलं थोडं जातं, पण शून्य कधीच होत नाही. वय वाढलं की ही पद्धत फार न्यायाची वाटायला लागते.

डांबरी घाट सोडून पायवाटेने उतरायला लागलो तेव्हा खऱ्या घसाऱ्याशी गाठ पडली. पहिल्या दिवशी मी भिऊन मागे रेललो आणि बसलोच. घसाऱ्यावर मागे रेलायचं नाही. गुडघे किंचित मोडायचे, पावलं छोटी, अंग थोडं पुढे, आणि पाय सरकला तर सरकू द्यायचा. पूर्ण थांबायचा हट्ट केला की माणूस आडवा होतो. तिथे एक शेळ्या राखणारे आजोबा कायम भेटतात. मला पहिल्यांदा पळताना पाहिलं तेव्हा त्यांनी आधी माझ्या मागे नजर टाकली, मग विचारलं, "कोन मागं लागलंय व्हय?" कुणी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. त्यांची शेळी त्याच उतारावर पुढचे दोन पाय करवंदीच्या जाळीवर ठेवून निवांत पाला ओरबाडत होती.

सायकलचं फार सांगत नाही. सायकलवाले लोक सायकलबद्दल फार सांगतात. तोच घाट सायकलवर चढताना समोर फक्त पुढचं चाक आणि कडेची पांढरी रेघ एवढंच दिसतं. सगळ्यात हलका गिअर टाकूनही वेग एवढा बेताचा असतो की मागून चालत येणारे काका हवापाण्याच्या गप्पा मारून पुढे निघून जातात. पण एकदा यवतेश्वरच्या माथ्यावर आलात की पुढे कासपर्यंत डोंगराची धार आहे. एका अंगाला कण्हेर धरणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला उरमोडीचं, मध्ये आपण. साताऱ्यापासून कास साधारण २५ किलोमीटर. फुलांच्या हंगामात मी तिकडे जात नाही, गाड्यांच्या रांगेत क्लच जळाल्याचा वास कोण खाणार? जून कोरडा गेला तर जूनमध्ये आणि नाहीतर नोव्हेंबरात.

उतरताना ब्रेक दाबून धरायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा, हे मला पहिल्यांदा ब्रेकचा रबर वितळल्यासारखा वास आला तेव्हा कळलं. आणि पहिल्या पावसानंतर वळणं सांभाळायची. डोंगरावरचा मुरूम वाहून बरोबर वळणावर डांबरावर येऊन पसरतो. म्हणजे आपण घसाऱ्याकडे गेलो नाही तर तो खाली आपल्याकडे येतो. यंत्रसामग्रीत धरली तर सायकलवर १५ टक्के. साखळी आणि मागची चक्रं पाहता हा दर ठरवणाऱ्याने यवतेश्वर चढलेला नाही.

आता बिस्किट. हे नाव मुलीने ठेवलं. आई त्याला बिस्कुट्या म्हणते, आणि तो आईच्याच हाकेला येतो. जात विचाराल तर अस्सल गल्लीतली. रंग भिजवलेल्या पार्लेचा, एक कान उभा, एक पडलेला. टाळेबंदीत स्कूटरखाली येऊन बसला तो उठलाच नाही. त्याच्यामुळे मला आठवड्यातून पाच दिवस अजिंक्यताऱ्यावर जावं लागतं. तिथे मला नावाने ओळखणारं कुणी नाही. "बिस्किटचे बाबा आले." बावीस वर्षांच्या नोकरीनंतर हाती आलेली ही पदवी.

उजाडायच्या आत मात्र त्याला नेत नाही, आणि नेलं तर साखळी सोडत नाही. या डोंगरांत बिबट्या आहे आणि बिबट्याला कुत्रा आवडतो. माणसाला आवडतो तसा नाही.

धावताना मी डोंगर मिनिटांत मोजतो, सायकलवर गिअरमध्ये. बिस्किट खांबांत मोजतो. महादरवाजापर्यंतच्या वाटेत त्याची ठरलेली ठिकाणं आहेत. एक वाकलेला विजेचा खांब, एका कठड्याचा कोपरा, एक निवडुंग. प्रत्येक ठिकाणी जाऊन काल रात्रीची पेपरातली बातमी वाचल्यासारखं तो वास घेतो, आणि कधीकधी संपादकाच्या नावे पत्रही टाकतो. त्याला घाई केली तर चारही पाय रोवून उभा राहतो. मी हिशेबात चुकलेला आकडा शोधताना असाच दिसत असेन, अशी बायकोची टिप्पणी आहे.

कुत्र्यांच्या बाबतीत आमच्या गावाचा इतिहास तसा मोठा. १७०८ मध्ये इथे ज्यांचा राज्याभिषेक झाला त्या छत्रपती शाहू महाराजांचा एक लाडका कुत्रा होता, खंड्या. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, म्हणून त्याला जरीची झूल, दागिने, पालखीचा मान आणि एकदा तर दरबारात महाराजांनी आपली पगडी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली, असं सांगतात. संगम माहुलीला त्याची समाधी आहे. मी बिस्किटला मुद्दाम नेऊन दाखवली. त्याने वास घेतला आणि पुढे जे करायला लागला ते मी साखळी ओढून वेळेत थांबवलं. नाहीतर सातारकरांनी मला गावात राहू दिलं नसतं.

पाऊस संपला, गवत पिवळं पडलं, की आमची दोघांची खरी झटापट सुरू होते. कुसळ. "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ" आपण सगळेच बोलतो, पण ते कुणी नीट बघितलेलं नसतं. मी बघितलंय, कारण रोज संध्याकाळी आई चष्मा लावून बिस्किटच्या पोटाखालून आणि पंज्यांतून ती वेचते आणि मी बॅटरी धरतो. टोकाशी सुईसारखं अणकुचीदार बी, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि मागे लांब तपकिरी शेपटी, दोरीसारखा पीळ घातलेली. एक कुसळ मी ओल्या बोटावर ठेवून पाहिलं. शेपटी आपोआप उलगडायला लागली, गोल गोल, घड्याळाच्या काट्यासारखी. सुकली की परत पीळ. दवाने ओलं व्हायचं, उन्हाने सुकायचं आणि फिरत फिरत बी जमिनीत घुसवायचं. मागचे केस त्याला परत बाहेर येऊ देत नाहीत. मातीत घुसायला केलेलं हे गिरमिट कुत्र्याच्या कानात गेलं तर तिथेही तेच करतं. एकदा गेलं होतं. बिस्किट दोन दिवस मान तिरकी करून फिरला, मग डॉक्टरांनी भूल देऊन काढलं. त्या बिलावर कुठला दर लावायचा हे मी विचारलं नाही.

मागच्या पावसाळ्यात यवतेश्वर घाटात दरड आली. तशी दरवर्षीच कुठे ना कुठे येते, आठवडाभर एकेरी वाहतूक, जेसीबी, मग विसरलं. रस्ता मोकळा झाल्यावर मी चालत गेलो. कापलेली कड उघडी पडली होती. आत काळा कातळ, बाहेर येता येता त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले, आणि सगळ्यात बाहेर पिवळट मुरूम. लाव्हाचे थर एकावर एक साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा दगड झाला आणि तेव्हापासून ऊन-पाऊस त्याचा मुरूम करतायत. हाताने दाबला तर एक पापुद्रा चुरला. आमच्या पुस्तकात या वस्तूचा दर शून्य.

आणि यात आमचाही हातभार आहे. पळणारे आम्ही वळणाची वाट सोडून नाकासमोर उतरतो, चार महिन्यांत तिथे नवी वाट पडते, पहिल्या पावसात त्या वाटेचा ओढा होतो. मोटरसायकली घेऊन वर चढणारी पोरं तर वेगळीच. मी आता वळणाने उतरतो. निदान कुणी बघत असेल तेव्हा तरी.

आजोबांना विचारलं, एवढी दरड आली, तुम्ही होता का वर? "व्हतो की. ह्यो डोंगुर दरसाली जरा जरा खाली येतोय बगा," ते म्हणाले. मग माझ्या बुटांकडे बघून, "आन् तुमी दर आयतवारी वर जाताय. गाठ पडायचीच."

गाठ पडली ती दिवाळीनंतरच्या रविवारी. त्याच पायवाटेवर बिस्किटला घेऊन उतरत होतो, छोटी पावलं, अंग पुढे, सगळं नियमाप्रमाणे. करवंदीतून ससा उठला. ससा दिसल्यावर बिस्किटला नियम आठवले नाहीत. साखळी माझ्या मनगटाला गुंडाळलेली. मी पोटावर, दोन्ही हात पुढे, आजोबांच्या शेळ्यांच्या देखत सात-आठ फूट खाली गेलो. ससा गेला. बिस्किट परत आला, माझा कान चाटला आणि शेजारी बसून दरीकडे बघायला लागला, जणू आम्ही दोघं देखावा पाहायलाच थांबलो होतो.

दवाखान्यात सिस्टरने चिमट्याने अर्धा तास तळहातातला मुरूम वेचला. स्टीलच्या ट्रेमध्ये खडे टाकताना टण्, टण् असा आवाज येत होता. एक खडा खोल होता. डॉक्टर म्हणाले, राहू दे, आपोआप वर येईल. सहा महिने झाले, आला नाही. अंगठ्याच्या मुळाशी निळसर काळा ठिपका दिसतो, दाबला तर टोचतो.

परवा एका क्लायंटच्या मालमत्तेचा तक्ता भरत होतो. जमीन, तालुका सातारा. दराच्या रकान्यात शून्य घातलं आणि पुढच्या ओळीला लागलो, ट्रॅक्टर. लिहिताना ठिपक्याची जागा टेबलाच्या कडेला लागत होती.

आई म्हणते, सुईने काढून देते, दोन मिनिटांचं काम. कुसळं काढून तिचा हात बसलाय. मी अजून तरी नको म्हणालोय.