काढा, स्टिकर आणि थांबवलेला डोस

कर्करोगाच्या डे-केअर वॉर्डात मी औषधांचं काम बघते. रुग्ण आला की माझा एक प्रश्न ठरलेला असतो, "घरी आणखी काय घेता?" निफाड तालुक्यातले ते द्राक्षबागायतदार काका दर वेळी "काही नाही" असंच सांगायचे. फुप्फुसाचा कर्करोग होता, इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणारे उपचार, चालू होते आणि खोकलाही बराच उतरला होता. त्या दिवशी मात्र सलाईन लावायच्या आधीच रिपोर्ट आला. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एसजीपीटी मर्यादेच्या कितीतरी पट वर गेलं होतं. डॉक्टरांनी डोस थांबवला.

मी पुन्हा विचारलं. काकांनी मुलाकडे पाहिलं आणि मुलानं पिशवी उघडली. आत गुळवेलीचा काढा, हळदीच्या कॅप्सूल आणि बिनलेबलची एक हिरवट पूड होती. "मॅडम, मोबाईलवर वाचलं मी. कॅन्सरच्या लशीबरोबर वनस्पतीतले घटक दिले की प्रतिकारशक्ती वाढते म्हणे. बाबांचंही औषध प्रतिकारशक्तीचंच आहे ना?" पोरगा रडकुंडीला आला होता.

त्याला रागावण्यासारखं काही नव्हतं, कारण वाचलेलं खोटं नव्हतं. चिलीत क्विलाया नावाचं झाड आहे. त्याच्या सालीत सॅपोनिन असतात. आपल्या रिठ्याला फेस येतो तो याच जातीच्या द्रव्यांमुळे. त्या सालीतून शुद्ध केलेलं क्यूएस-२१ नागिणीवरच्या शिंग्रिक्स लशीत आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर-२१ या मलेरियाच्या लशीतही त्याच सालीचे सॅपोनिन आहेत. लशीचा परिणाम वाढवायला घातलेली ही साहाय्यक द्रव्यं टोचलेल्या जागी प्रतिकारपेशींना जागं करतात. मग या पेशी लशीतला प्रथिनाचा तुकडा जवळच्या लसीकाग्रंथीत नेऊन टी-पेशींना, म्हणजे रोगट पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. कर्करोगाच्या लशींना नेमक्या याच टी-पेशी हव्या असतात.

"म्हंजे स्टिकरच की," काका म्हणाले. द्राक्षावरच्या डावणी रोगाच्या फवारणीत स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारं द्रव्य, नसला तर औषध पानावर टिकत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको. मी विचारलं, "तो किती घालता?" "मोजून! जादा झाला तर पान करपतं."

पुढचं बोलणं त्यामुळे सोपं झालं. शिंग्रिक्सच्या एका डोसात क्यूएस-२१ असतं फक्त ५० मायक्रोग्रॅम. सॅपोनिन मोकळं रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फोडतं, म्हणून लशीत ते कोलेस्टेरॉलबरोबर बांधून ठेवतात. पोटात घेतलेल्या काढ्याला असं मोजमाप नाही. हळदीतलं कर्क्युमिन तर आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं आणि प्रयोगशाळेत ते दाह कमी करताना दिसतं. लशीतल्या साहाय्यक द्रव्याला नेमका उलटा परिणाम हवा असतो. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत.

पण इम्युनोथेरपीनंही यकृताला सूज येते. दोन्ही सुजा तपासणीत इतक्या सारख्या दिसतात की दोष कुणाचा, हे त्या दिवशी कुणालाच सांगता येईना. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. लागू पडलेलं औषध कायमचं बंद करावं का, हा प्रश्न त्या पिशवीमुळे आणखी गुंतला होता. डॉक्टरांनी काढा, कॅप्सूल, पूड सगळं बंद करायला सांगितलं आणि रक्त पुन्हा तपासायचं ठरवलं.

निघताना काकांनी विचारलं, "ती सालीची लस माझ्या आजाराला कधी निघंल?" मी खरं ते सांगितलं. शस्त्रक्रिया झालेल्या फुप्फुसाच्या कर्करोगावर क्यूएस-२१ असलेली लस दोन हजारांहून जास्त रुग्णांवर तपासली गेली. २०१४ मध्ये ती अपयशी ठरल्याचं जाहीर झालं. साहाय्यक द्रव्य कितीही चांगलं असलं तरी लशीला गाठीवरचं योग्य लक्ष्य सापडावं लागतं. शोध मात्र थांबलेला नाही, आणि मला त्यातून आशा वाटते, हेही सांगितलं.

पुढच्या तपासणीत एसजीपीटी उतरणीला लागलं होतं. मुलानं त्या हिरवट पुडीतली द्रव्यं वैद्यांकडून कागदावर लिहून आणली होती. तो कागद मी काकांच्या फाईलला लावला आणि डॉक्टरांकडे पाठवला.